गाठीतलं एक अक्षर

मेंदूतली गाठ काढली जाते, तुकडा तपासायला जातो आणि दहा-पंधरा दिवसांनी दोन-तीन पानी रिपोर्ट हातात येतो. त्यात मधेच एक ओळ असते, ‘आयडीएच-१ आर१३२एच : पॉझिटिव्ह’. पॉझिटिव्ह हा शब्द वाचूनच घरच्यांच्या पोटात गोळा येतो. कुणीतरी धीर करून विचारतं, तेव्हा कळतं की हा ‘जेनेटिक’ बदल आहे. नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या दवाखान्यातून निघून निफाडला किंवा सिन्नरला घरी पोचेपर्यंत त्या शब्दाचं मराठी होऊन गेलेलं असतं : आनुवंशिक. म्हणजे रक्तातून आलेलं, पुढच्या पिढीत जाणारं. त्यात पेशंटला सुरुवात फिटनेच झालेली असते. मग दोन्ही गोष्टी जोडल्या जातात आणि घराण्यात फिटचा रोग आहे असं ठरून जातं. लग्नाची मुलगी घरात असेल तर ती फाइल कपाटात सगळ्यात खाली जाते.

मला या एका भाषांतराचा फार त्रास होतो. आपल्याकडे जनुकीय आणि आनुवंशिक असे दोन वेगळे शब्द आहेत आणि त्यांचे अर्थही वेगळे आहेत. पण बोलण्यात दोन्ही एकाच खुंटीला टांगले जातात. आईवडिलांकडून आलेल्या मूळ प्रतीतच चूक असेल तर ती शरीरातल्या प्रत्येक पेशीत असते, म्हणून ती मुलांकडे जाऊ शकते. ती आनुवंशिक. मूळ प्रत अगदी नीट असताना कधीतरी मेंदूतल्या एखाद्या पेशीने स्वतःची नक्कल काढताना एक अक्षर चुकवलं आणि पुढे तिचीच प्रजा वाढत गेली, तर ती चूक फक्त त्या गाठीत राहते. ती जनुकीय आहे, आनुवंशिक नाही. पेशंटच्या इतर पेशींत ती नसते. आयडीएचचा बदल जवळपास नेहमी या दुसऱ्या प्रकारचा असतो. मुलांना तो जात नाही, आणि त्यातून आलेली फिटही जात नाही. केवळ या ओळीवरून भावंडांच्या तपासण्या कराव्या लागत नाहीत.

आता त्या चुकलेल्या अक्षराकडे जरा जवळून पाहू, कारण फिटचं उत्तर तिथेच आहे.

आयडीएच-१ हे जनुक दुसऱ्या गुणसूत्रावर असतं. त्यावरून तयार होणाऱ्या प्रथिनात १३२ व्या जागी आर्जिनिन असायला हवं. जनुकाच्या मजकुरात त्या जागी सीजीटी अशी तीन अक्षरं असतात. मधलं जी जाऊन ए आलं की सीएटी होतं आणि आर्जिनिनच्या जागी हिस्टिडिन बसतं. ‘दिन’चा ‘दीन’ व्हावा एवढाच फरक. मेंदूच्या गाठींत हा बदल २००८ साली पहिल्यांदा नोंदवला गेला. पुढच्याच वर्षी कळलं की ही चूक प्रथिनाला नुसतं लुळं करत नाही, त्याला वेगळ्याच कामाला लावते. मूळचं काम आयसोसायट्रेटपासून अल्फा-कीटोग्लुटारेट बनवण्याचं. बिघडलेलं प्रथिन त्या अल्फा-कीटोग्लुटारेटपासून डी-२-हायड्रॉक्सीग्लुटारेट नावाचा पदार्थ करत सुटतं. निरोगी पेशीत त्याचा जेमतेम मागमूस असतो. गाठीत तो शंभरपटीपर्यंत साठतो आणि पेशीबाहेर झिरपतो.

फिटशी त्याचा संबंध असा. मेंदूत एका पेशीने दुसरीला ‘पेटून उठ’ असं सांगायचं मुख्य रसायन म्हणजे ग्लुटामेट. हा साठलेला पदार्थ बांधणीने ग्लुटामेटसारखाच आहे. दोघांत पाच-पाच कार्बन. ग्लुटामेटमध्ये जिथे नायट्रोजनचा गट लटकतो, तिथे याच्यात ऑक्सिजनचा गट. चावीवाल्याने काढून दिलेल्या डुप्लिकेट चावीसारखा तो शेजारच्या निरोगी पेशींच्या कुलपात थोडाफार फिरतो. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका कामात उंदरांच्या मेंदूतल्या पेशी काचेच्या बशीत वाढवून त्यांच्यावर हा पदार्थ सोडला, तेव्हा त्यांचं विद्युत-स्फुरण चार ते सहा पटींनी वाढलं. ग्लुटामेटचं एनएमडीए नावाचं कुलूप औषधाने बंद केलं तेव्हा ती वाढ थांबली. त्याच कामात पेशंटच्या नोंदीही पाहिल्या होत्या : आयडीएच बदललेल्या गाठींत ऑपरेशनआधी फिट येण्याचं प्रमाण ५९ ते ७४ टक्के, न बदललेल्यांत १८ ते ३४ टक्के. म्हणजे साधारण दहांतल्या सहा-सात जणांना विरुद्ध दोन-तीन जणांना.

हा पदार्थ एकटाच गुन्हेगार आहे असं मात्र मी म्हणणार नाही. आयडीएच बदललेली गाठ सावकाश वाढते आणि बऱ्याचदा कपाळामागच्या किंवा कानशिलाच्या भागात, मेंदूच्या वरच्या थरात पसरते. तिथल्या चेतापेशी ती लगेच मारत नाही, त्यांच्यामध्ये शिरून बसते. तपासणीच्या काचेवर हे डोळ्यांनी दिसतं. आर१३२एचची खूण लावली की बिघडलेल्या पेशी तपकिरी होतात, बाकी सगळं निळसर राहतं. एखादी मोठी निळी चेतापेशी शाबूत उभी असते आणि तिला खेटून चार-पाच तपकिरी पेशी कोंडाळं करून बसलेल्या असतात. मेलेली पेशी फिट आणू शकत नाही. फिट आणते ती जिवंत, पण चहूबाजूंनी चिडवली जाणारी पेशी.

म्हणून एक गोष्ट ऐकायला उलटी वाटली तरी खरी आहे. फिट येऊन सापडलेली गाठ बऱ्याचदा सावकाश वाढणाऱ्या जातीची निघते. महिन्या-दोन महिन्यांत हातपाय लुळे करणारी, डोकेदुखी-उलट्यांनी सुरू होणारी ग्लिओब्लास्टोमा आयडीएच न बदललेली असते, आणि तिच्यात फिट येते ती तुलनेने कमी जणांना. हा नियम नाही, कल आहे. पण पहिल्या फिटनंतर कोलमडलेल्या घराला हा कल कुणीतरी सांगायला हवा असं मला मनापासून वाटतं.

ग्लिओब्लास्टोमातल्या फिटचा रस्ता वेगळा. त्या गाठीच्या पेशींवर एक अदलाबदलीची झडप असते, ती सिस्टीन आत घेते आणि बदल्यात ग्लुटामेट बाहेर फेकते. इथे डुप्लिकेट चावीची गरज नाही, खऱ्या चाव्यांचाच पाऊस पडतो. शिवाय गाठीभोवतीच्या चेतापेशींत क्लोराइड साठून राहतं आणि शांत करणारं गाबा हे रसायन उलट चेतवायला लागतं. २०१९ मध्ये आणखी एक चकित करणारी गोष्ट पुढे आली. चेतापेशी आणि गाठीच्या पेशी यांच्यात खरोखरचे संदेश-जोड असतात आणि त्या जोडांवरून येणारा संदेश गाठीला वाढायला मदत करतो. मेंदू गाठीला पोसतो आणि गाठ मेंदूला चिथावते, असं हे चक्र आहे.

लहान मुलांचं आणि विशीतल्या मुलांचं प्रकरण निराळं. त्यांच्यात वर्षानुवर्षं औषधांना न जुमानणाऱ्या फिट येत असतील आणि एमआरआयवर कानशिलाच्या भागात छोटी, न वाढणारी गाठ असेल, तर ती बहुधा गँग्लिओग्लिओमा किंवा डीनेट असते. पहिल्यात बीआरएएफ या जनुकातला व्ही६००ई हा बदल वारंवार सापडतो, दुसऱ्यात एफजीएफआर-१ या जनुकातला. २०१८ मध्ये कोरियातल्या संशोधकांनी उंदरांच्या पिल्लांत हा बीआरएएफचा बदल घालून पाहिला. तो चेतापेशींच्या वंशात होता तेव्हा फिट आल्या, आधारपेशींच्या वंशात होता तेव्हा गाठीची वाढ झाली. एकच अक्षर, पण कोणत्या घरात चुकलं त्यावर परिणाम ठरला. अशा मुलांना पाच-पाच गोळ्या बदलत ठेवण्यापेक्षा ऑपरेशनचा विचार लवकर व्हायला हवा. गाठ पूर्ण निघाली तर बहुतेकांच्या फिट थांबतात.

खरोखर आनुवंशिक असणारे आजार मोजके आहेत, आणि ते ओळखायला महागड्या तपासणीआधी उजेड आणि नीट बघणं लागतं. अंगावर दुधाळ कॉफीच्या रंगाचे सहा किंवा जास्त डाग, वयात आलेल्या माणसात प्रत्येकी दीड सेंटिमीटरहून मोठे, असतील तर एनएफ-१, म्हणजे न्यूरोफायब्रोमॅटोसिस या आजाराचा विचार करतात. जन्मापासून पानाच्या आकाराचे पांढुरके चट्टे, गालांवर लालसर बारीक पुटकुळ्या आणि तान्हेपणीच सुरू झालेल्या फिट असतील तर ट्यूबरस स्क्लेरोसिसचा. पांढऱ्या चट्ट्यांना कोड समजून मलमं चोळली जातात आणि मोलाची वर्षं जातात. ट्यूबरस स्क्लेरोसिसमध्ये टीएससी-१ किंवा टीएससी-२ जनुक बिघडलेलं असतं, एमटॉर नावाच्या वाढीच्या यंत्रणेवरचा लगाम सुटतो, आणि इथे जनुकावरून थेट औषध ठरतं : एव्हरोलिमस गाठही आकसवतं आणि फिटही कमी करतं. यातही सुमारे दोन तृतीयांश मुलांत हा बदल नव्यानेच झालेला असतो, आईवडिलांत नसतो. घरात लहान वयात वेगवेगळे कॅन्सर झालेले असतील तर टीपी-५३ या जनुकाच्या तपासणीसाठी समुपदेशन घ्यावं. एवढे अपवाद सोडले तर लग्नाच्या बोलणीत लपवण्यासारखं त्या फाइलमध्ये काही नाही.

गाठीची फिट नेहमी दातखीळ बसून, फेस येऊनच येते असं नाही. उजव्या हाताचा अंगठा उडायला लागतो, मग बोटं, मग मनगट, कोपर, मग ओठाचा कोपरा. माणूस शुद्धीत असतो, स्वतःचा हात उडताना बघत असतो. दोन मिनिटांत थांबतं आणि त्यानंतर अर्धा तास तो हात जड पडतो. घरचे म्हणतात लकवा मारला. कानशिलातल्या गाठीत पोटातून काहीतरी वर चढल्यासारखं होतं, जळका वास येतो, हे सगळं आधी घडून गेलंय असं वाटतं, आणि अर्धा मिनिट माणूस हरवतो. यावर कित्येक महिने पित्ताच्या गोळ्या चालतात. उलट बाजूही सांगायला हवी : आपल्याकडे फिट आणि स्कॅनवर ठिपका दिसला म्हणजे ट्यूमरच, असं नाही. टीबीची गाठ आणि फीतकृमीच्या अळीची गाठ आपल्या भागात भरपूर आढळते, आणि दोन्ही औषधांनी बऱ्या होतात. साध्या सीटी स्कॅनमध्ये सावकाश वाढणारी ग्लिओमा, म्हणजे मेंदूच्या आधारपेशींची गाठ, सुटून जाऊ शकते, कारण ती बऱ्याचदा औषधाचा रंग घेत नाही. तिशीनंतर पहिल्यांदाच फिट आली असेल तर एमआरआय करावा, आणि कागदावर ‘एपिलेप्सी प्रोटोकॉल’, म्हणजे फिटचं मूळ शोधायच्या पद्धतीने, असं लिहून घ्यावं.

रिपोर्ट विश्वासाचा हवा असेल तर तुकड्याची काळजी ऑपरेशन थिएटरपासून घ्यावी लागते. तुकडा १० टक्के बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये पडायला हवा, तुकड्याच्या निदान दहापट द्रवात. सलाइनमध्ये रात्रभर राहिला तर पेशी सडतात आणि मग कोणतीही तपासणी नीट लागत नाही. फॉर्मॅलिनमध्येही आठवडाभर पडून राहिला तर डीएनए तुटतो. नंतर तो मेणात बसवून ब्लॉक करतात. प्लॅस्टिकच्या जाळीदार चौकटीवर पांढऱ्या मेणाची वडी, मधे तूरडाळीच्या दाण्याएवढा करडा ठिपका आणि कडेला नंबर. सगळं भविष्य त्या ठिपक्यावर.

पहिल्या फेरीत आर१३२एच, एटीआरएक्स आणि पी-५३ या प्रथिनांच्या खुणा लावतात. आर१३२एच निगेटिव्ह आला म्हणजे आयडीएच बदललेलं नाही असं समजू नये. दहांतला साधारण एक बदल वेगळ्या अक्षराचा किंवा आयडीएच-२ मधला असतो, आणि ती खूण त्याला पकडत नाही. पेशंट पंचावन्नच्या आतला असेल तर सीक्वेन्सिंग, म्हणजे जनुकाचा मजकूर अक्षर-अक्षर वाचणारी तपासणी, मागावं. विशेषतः जुना फिटचा इतिहास असेल आणि रिपोर्ट ‘न बदललेलं’ म्हणत असेल, तर दोन्ही गोष्टी जुळत नाहीत हे डॉक्टरांना स्वतःहून सांगावं. पॅथॉलॉजीच्या फॉर्मवर फिट किती दिवसांपासून येतात हे कित्येकदा लिहिलेलंच नसतं. १पी-१९क्यू, म्हणजे पहिल्या गुणसूत्राचा आखूड आणि एकोणिसाव्याचा लांब भाग एकत्र गेलेला असेल, तर ती ऑलिगोडेंड्रोग्लिओमा. २०१६ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणापासून या खुणांशिवाय गाठीचं नावच पूर्ण होत नाही.

नाशिकहून ब्लॉक मुंबईला न्यायचा असेल तर कुरिअरपेक्षा हातात न्यावा, आणि मूळ रिपोर्टवरचा नंबर व ब्लॉकवरचा नंबर लॅबच्या काउंटरवरच जुळवून बघावा. नुसत्या रंगवलेल्या काचा पुरत नाहीत, ब्लॉक किंवा बिनरंगी काचा लागतात. एप्रिल-मेच्या उन्हात बंद गाडीच्या काचेशी तो ठेवू नये.

मुंबईच्या याच फेरीत फिट येण्याची एक ठरलेली वेळ आहे. पहाटे चारला उठायचं, नाशिक रोडवरून पंचवटी एक्स्प्रेस पकडायची, एमआरआयसाठी ‘काही खायचं नाही’ सांगितलंय म्हणून सकाळची गोळीही घ्यायची नाही. अपुरी झोप आणि चुकलेली गोळी, दोन्ही एकत्र. लेव्हेटिरासिटाम या फिटच्या गोळीचा निम्मा अंश सहा ते आठ तासांत शरीरातून जातो, एक वेळ चुकली तरी पातळी पार खाली येते. उपाशीपोटी म्हणजे गोळीशिवाय नव्हे. घोटभर पाण्याबरोबर गोळी घेऊ का, हे आदल्या दिवशीच विचारून ठेवावं, उत्तर बहुधा हो असतं. एकादशीचं आणि नवरात्राचंही तेच. गोळीने उपवास मोडत नाही.

गोळी कोणती, हे अजून जनुक बघून ठरत नाही. गाठीच्या पेशंटला लेव्हेटिरासिटाम जास्त दिली जाते, कारण ती यकृतातल्या इतर औषधांच्या कामात ढवळाढवळ करत नाही. सुरुवात बहुधा ५०० मिलीग्रॅम दिवसातून दोनदा. मूत्रपिंड कमजोर असेल तर डोस कमी लागतो. तिचा त्रास म्हणजे चिडचिड. शांत माणूस ताटं आपटायला लागतो आणि घरचे गाठीला दोष देतात. हे डॉक्टरांना सांगावं, गोळी बदलता येते. मनानेच बंद मात्र करू नये. फेनिटोइन आणि कार्बामॅझेपिन ही फिटचीच औषधं डेक्सामेथासोनसारख्या सूज उतरवणाऱ्या औषधाचा आणि काही केमोच्या औषधांचा जोर कमी करतात. व्हॅल्प्रोएटने प्लेटलेट उतरू शकतात आणि गरोदरपणात ते बाळाला घातक आहे. तापासाठी गल्लीतल्या डॉक्टरकडे गेलं तरी फिटची गोळी चालू आहे हे आधी सांगावं. सिप्रोफ्लॉक्सासिन आणि ट्रामाडॉल फिटचा उंबरठा खाली आणतात. ज्याला कधीच फिट आलेली नाही, त्याला केवळ गाठ आहे म्हणून कायमची फिटची गोळी लागत नाही.

आयडीएचवरचं औषधही आता आहे. व्होरासिडेनिबच्या २०२३ मधल्या अभ्यासात ३३१ पेशंट होते. गाठ पुन्हा वाढायला लागेपर्यंतचा मधला काळ औषधाने २७.७ महिने झाला, नुसत्या खोट्या गोळीने ११.१. अमेरिकेत ऑगस्ट २०२४ मध्ये त्याला मान्यता मिळाली, ग्रेड २ च्या, म्हणजे सावकाश वाढणाऱ्या, आयडीएच बदललेल्या गाठींसाठी. चिथावणारा पदार्थच कमी होत असेल तर फिटही घटायला हव्यात ही अपेक्षा रास्त आहे. पण त्यावर विसंबून फिटची गोळी सोडायची वेळ आलेली नाही.

फिट आलीच तर घड्याळ बघायचं. कुशीवर वळवायचं, गळ्याचं बटण सैल करायचं, तोंडात चमचा किंवा बोट घालायचं नाही. कांदा, चप्पल, किल्ल्यांचा जुडगा यांचा फिटवर काहीही परिणाम होत नाही. बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते आणि श्रेय कांद्याला जातं. पाच मिनिटं झाली तर मिडॅझोलामचा नाकातला फवारा, डॉक्टरांनी वजनाप्रमाणे लिहून दिला असेल तेवढेच पफ, आणि लगेच हॉस्पिटल. द्राक्षबागेत फवारणीचा ट्रॅक्टर, विहिरीचा काठ, अंबडच्या कारखान्यातला प्रेस, रामकुंडावरची एकट्याने मारलेली बुडी, यांपासून पेशंटला लांब ठेवायचं. ड्रायव्हिंग लायसन्सच्या फॉर्म १ मध्ये फिटबद्दल सरळ प्रश्न आहे, तिथे खरं लिहायचं.

दोन वर्षं शांत गेली आणि फिट परत सुरू झाल्या, तर आधी चुकलेल्या गोळ्या, ताप, जागरण, रक्तातलं सोडियम बघायचं. यात काही सापडलं नाही तर एमआरआय. कारण गाठीतला मजकूर पुढेही बदलत असतो. आयडीएचवाल्या अ‍ॅस्ट्रोसायटोमा जातीच्या गाठीत सीडीकेएन-२ए/बी हे जनुक दोन्ही प्रतींतून गळालं की काचेखाली गाठ कितीही शांत दिसली तरी तिला ग्रेड ४, म्हणजे सगळ्यात आक्रमक धरतात. तेव्हा नवीन तुकड्याची जुन्याशी तुलना लागते, आणि जुना ब्लॉक कुठल्या लॅबमध्ये आहे हे कुणालाच आठवत नाही. लॅब तो किती वर्षं ठेवते हे पहिल्याच भेटीत विचारावं, आणि ब्लॉकचा नंबर फाइलच्या पहिल्या पानावर, आतल्या बाजूने, पेनाने लिहून ठेवावा.